मावळतीला पाहिलेला जांभळा

आमच्या घरच्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. पुतणे, भाचे, त्यांच्या बायका, सगळे त्यात. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी त्यावर मावळत्या सूर्याचा फोटो टाकतं. गच्चीवरून काढलेला, नाहीतर हायवेला गाडी थांबवून काढलेला. लालभडक गोळा, त्याला आडव्या गेलेल्या विजेच्या तारा आणि खाली जोडलेले हात. मग कुणीतरी न चुकता विचारतं, "आत्या, तुम्ही फिजिक्सच्या ना, हा असा लाल का दिसतो हो?" मी जन्मभर कॉलेजात तेच शिकवलं, त्यामुळे गप्प बसवत नाही. चष्मा पुसून, एका बोटाने, काना-मात्रा सांभाळत मी लिहिते की पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात, हवेत शिरला की त्यातला निळा आधी चहूकडे विखुरतो, आणि सकाळ-संध्याकाळी सूर्य खाली असल्यामुळे उजेडाला हवेतून तिरपं, लांबून यावं लागतं. वाटेत निळा सांडून जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो उरलेला तांबडा. हे लिहून पाठवेपर्यंत खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आलेला असतो. पुढच्या आठवड्यात दुसरा फोटो, तोच प्रश्न. माझी मुलगी म्हणते, आई, तू कशाला जीव जाळतेस, त्यांना उत्तर नकोच असतं.

प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायचं नाही, ही रीत आमच्या घरात माझ्या तरुणपणापासून चालत आलेली आहे. त्यापायी एका वर्षी काय काय झालं ते इथे लिहून ठेवते. ग्रुपवर टाकून उपयोग नाही.

सोलापुरात मंगळवार पेठेत खाली सुताची पेढी आणि वर घर, असं आमचं होतं. पेढीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारनंतर गादीवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. अप्पा, म्हणजे माझे वडील, सूत रंगवून घ्यायचे आणि चादरी विणणाऱ्या मागवाल्यांना विकायचे. गल्लीगल्लीतून मागांची खटखट दिवसभर चालायची. ती इतकी अंगवळणी पडली होती की मागांना सुट्टी असली की अव्वा, म्हणजे माझी आई, हातातलं काम थांबवून विचारायची, आज एवढं शांत का, कुणाकडं काही झालंय का. अव्वा मंद्रूपची, कर्नाटकाच्या सीमेजवळची. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालायचं, पण अव्वाचे लाड मराठीत असायचे आणि राग कन्नडमध्ये, त्यामुळे मला कन्नडमधले रागाचे शब्द आधी आले. सकाळी भाकरी थापल्याच्या आवाजाने जाग यायची, मग उखळात शेंगा कुटल्याचा आवाज, मग मिलचा भोंगा, आणि या सगळ्याच्या वर चिक्कप्पांचा आवाज. चिक्कप्पा म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. पेढीचं बाहेरचं काम त्यांच्याकडे होतं आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं कारणही त्यांच्याकडे होतं. कडक भाकरीचा तुकडा रस्त्यावर ऐकू जाईल असा मोडायचा, दह्यात कालवलेल्या शेंगाचटणीत बुडवायचा आणि बोलायला सुरुवात करायची. अर्धं बोलणं भाकरीच्या आवाजातच जायचं, तरी राहिलेलं अर्धं पुरून उरायचं.

अप्पांचं नाव होतं ते त्यांच्या नजरेसाठी. सूत रंगून आलं की ते एक लडी उचलायचे, उंबऱ्यात यायचे, उजेडाकडे धरायचे आणि रंगाचं नाव सांगायचे. मोरपंखी. अंजिरी. डाळिंबी. आमसुली. नाव सांगितलं की विषय संपला. मागवाले गठ्ठा उघडूनही बघायचे नाहीत. शेठनी बघितलंय ना, मग झालं. रंगवायचं काम रशीदभाईंकडे होतं. त्यांचा रंगखाना शहराच्या कडेला नाल्याजवळ, हात कोपरापर्यंत कायम कुठल्यातरी रंगाचे. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा तो संबंध. ईदला त्यांच्याकडचा शिरखुर्मा आमच्याकडे यायचा आणि सणाला अव्वाची हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची खीर, डबा भरून तिकडे जायची. मी लहान असताना रशीदभाई मला वाळत घातलेल्या सुताच्या रांगांमधून पळू द्यायचे आणि ओल्या लड्या अंगाला लागून फ्रॉक रंगला की अव्वाची बोलणी ते स्वतः खाऊन घ्यायचे.

त्या वर्षी पाण्याने वैताग आणला होता. सोलापुरात पाण्याने वैताग आणला नाही असं वर्ष मला आठवत नाही, आजही आठवत नाही, पण त्या वर्षी नळाची वेळ अशी काही बदलली की रंगखान्यात पाणी पडायचंच उशिरा. मग रंगवणं उशिरा, वाळवणं उशिरा, आणि पूर्वी दुपारी यायचं ते सूत पेढीवर ऊन कलताना यायला लागलं. अप्पा लडी घेऊन उंबऱ्यात यायचे तेव्हा सूर्य समोरच्या घरांच्या कौलांवर टेकलेला असायचा. घरात दुसरा एक वाद चालू होता, तो धोतराचा. अप्पांना आपलं धोतर पिवळट दिसायला लागलं होतं. रोज सकाळी ते धोतर हातात घेऊन अव्वाला म्हणायचे, हे काय धुणं झालं, नीळ घालत जा. अव्वा नीळ घालायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. अव्वाने चिडून मूठभर नीळ घालायला सुरुवात केली. अप्पांचं धोतर आभाळाच्या रंगाचं झालं, तरी त्यांना ते पिवळंच वाटायचं. ते नेसून ते ताठ मानेने बाजारातून जायचे आणि दुकानदार तोंड फिरवून हसायचे. अप्पांना सांगायची कुणाची छाती नव्हती. अव्वा म्हणायची, मागितलं तेवढं दिलं, आता मला बोलू नका.

मी तेव्हा कॉलेजात सायन्सला होते. मुलीला फिजिक्स कशाला, हा प्रश्न नातेवाईक अप्पांना विचारायचे आणि अप्पा, त्यांना स्वतःलाही उत्तर माहीत नसल्यामुळे, त्यांच्यावर खेकसायचे. एके दिवशी आमच्या सरांनी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि आकाश निळं का आणि मावळता सूर्य लाल का, ते समजावलं. मला वाटलं, एवढी साधी गोष्ट आणि आपण इतकी वर्षं नुसतं बघत होतो. घरी आले ती भरल्या घागरीसारखी. रात्रीच्या जेवणाला सांगायला सुरुवात केली. चिक्कप्पांनी मला मधेच थांबवलं. सूर्य लाल दिसतो तो मिलच्या धुरामुळे, हे त्यांनी केव्हाच शोधून काढलेलं होतं. मी म्हटलं, मागे संप होता, मिल कितीतरी दिवस बंद होती, तेव्हा काय हिरवा दिसत होता? ते म्हणाले, जुना धूर असतोच की वर. अव्वाचं म्हणणं होतं की देवाने कुंकू लावलेलं असतं, आणि जेवताना वाद घालू नये. अप्पांनी विचारलं, याचा परीक्षेला उपयोग हाय का? मी व्हय म्हटल्यावर त्यांनी भाताकडे लक्ष दिलं.

मग मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना बोलावून स्वयंपाकघराचं दार लावलं, चटणीची उंच काचेची बरणी घासून पाण्याने भरली, दोन पाटांच्या फटीवर ठेवली आणि खालून टॉर्च लावला. पाण्यात थोडं दूध टाकलं आणि ढवळलं. बाजूने बघितलं तर पाणी निळसर धुक्यासारखं दिसायला लागलं, आणि वरून बरणीच्या तोंडातून बघितलं तर टॉर्चचा दिवा पिवळा, आणखी दूध टाकलं तसा नारिंगी. मी आनंदाने ओरडलेच. हेच आभाळ, हाच मावळता सूर्य, बघा सगळ्यांनी. अव्वाने बघितलं ते दुधाच्या भांड्याकडे. चहाला दूध उरलं नाही म्हणून तिने कन्नडमध्ये जे सुरू केलं ते मी इथे लिहीत नाही. अप्पांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, दिवा तर आधीपासूनच पिवळा हाय. चिक्कप्पांनी टॉर्च काढून हातात घेतला, हलवला आणि निकाल दिला की सेल उतरलेत, म्हणून लाल दिसतोय. मी रडायचीच बाकी होते. अप्पांचं वाक्य मला तेव्हा नुसतं तिरसट वाटलं. ते जे दिसत होतं तेच सांगत होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अंबादासमामा आले. अंबादासमामांचे स्वतःचे माग होते, अप्पांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. एरवी आले की गादीवर लोडाला टेकून पाय पसरायचे, तेलुगू वळणाच्या मराठीत चहा मागायचे. त्या दिवशी उभेच राहिले. काखेतली चादर त्यांनी गादीवर उलगडली. पांढऱ्या चादरीवर जांभळा पट्टा हवा होता. तो जांभळा निघाला होता आणि मधूनच, कात्रीने कापावा तसा, आमसुली झाला होता. परत थोडा जांभळा, परत आमसुली. अशा चादरींचा ढीग त्यांच्याकडे पडला होता आणि बाहेरगावचा व्यापारी त्या घ्यायला तयार नव्हता. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांनी विचारलं होतं, मालक, हे दोन रंग कसे. मामा त्यांना म्हणाले होते, शेठनी बघून दिलेत, डिझाइनच तसं असेल, चालू द्या.

मी जिन्यात उभी होते. अप्पांनी ती चादर बराच वेळ बघितली. मग अंबादासमामांच्या तोंडाकडे बघितलं, मग चिक्कप्पांच्या. आणि म्हणाले, "हे रशीदचं काम हाय. आमसुली माल मिसळून दिला त्यानं."

संध्याकाळी रशीदभाई सूत घेऊन आले तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं. अप्पांनी पेढीवर चार माणसं असताना चादर त्यांच्या अंगावर टाकली. जुना संबंध, खाल्लेलं मीठ, सगळं काढलं. रशीदभाई आधी गोंधळले. त्यांनी सांगितलं की त्या वेळी दोन वेगळ्या गिऱ्हाइकांचं सूत एकाच दोरीवर वाळत होतं, गठ्ठे बांधताना पोरांकडून लड्या इकडच्या तिकडे झाल्या असतील, होतं असं कधी, पण शेठ, तुम्ही तर एकेक लडी उजेडात धरून बघून घेतली होती. हे खरं होतं आणि तेच अप्पांना झोंबलं. त्यांनी हात वर करून रस्ता दाखवला. रशीदभाईंनी खाली पडलेली चादर उचलली, घडी घातली, गादीवर ठेवली आणि गेले. त्यानंतर आमचं सूत दुसरीकडे रंगायला जाऊ लागलं. पेठेत बातमी पसरायला वेळ लागत नाही. आमच्या पेढीने सोडलं म्हटल्यावर आणखी दोघा-तिघांनी रशीदभाईंकडचं काम काढून घेतलं.

घरात कुणी त्या विषयावर बोलत नव्हतं, पण सगळे एकमेकांवर करवादत होते. मी तर जास्तच, कारण मला उत्तर सापडलं होतं. जांभळ्यातला निळा काढून घ्या, काय उरतं? आमसुली. मावळतीच्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच. त्या उजेडात जांभळी लडी आणि आमसुली लडी शेजारी धरली तर तांबूस अंधारी दिसणार दोन्ही. पाणी उशिरा, सूत उशिरा, अप्पा उंबऱ्यात सूर्य टेकताना. सगळं जुळत होतं. रशीदभाईंनी फसवलं नव्हतं, अप्पांची नजर चुकली नव्हती, चूक मावळतीच्या उजेडाची होती. कुणाचीच मानहानी नाही असं इतकं सुंदर उत्तर घेऊन मी अप्पांपुढे उभी राहिले, आणि ते ऐकून घेईनात. मी सूर्याचं नाव काढलं की ते गिऱ्हाइकाचं नाव काढायचे. शेवटी अव्वाने मध्ये पडून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की एकदा दुपारी, डोक्यावर ऊन असताना, दोन्ही लड्या बघायच्या आणि मग या पोरीने पुन्हा तोंड उघडायचं नाही.

ऐन दुपारी गच्चीवर मी दोन लड्या पाटावर ठेवल्या. ऊन असं की पाय भाजत होते. पांढऱ्याशुभ्र उजेडात एक लडी जांभळाच्या फळासारखी आणि दुसरी वाळलेल्या आमसुलासारखी, आंधळ्यालाही कळावं इतका फरक. मी हसत अप्पांकडे बघत होते. त्यांनी दोन्ही लड्या उचलल्या, तिरप्या केल्या, बोटांनी फुलवल्या.

"एकच माल हाय," ते म्हणाले. "आमसुली."

मला वाटलं, हट्ट. नुसता हट्ट. आपलं खरं करायला हा माणूस दिवसाढवळ्या खोटं बोलतोय. चिक्कप्पांना राहवलं नाही. ते म्हणाले, "अण्णा, ही जांभळी हाय की. ही आमसुली. दिसत न्हाय व्हय?" अप्पांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता असं मी पुढे कितीतरी दिवस समजत होते.

"तुमी सगळी मिळून मला येडं ठरवायला लागलाय," ते म्हणाले, आणि लड्या तिथेच टाकून खाली गेले.

मी तिथेच कठड्याच्या सावलीला बसून राहिले. माझं सुंदर उत्तर मोडलं होतं. उजेड शुभ्र होता आणि तरीही. अव्वा धुणं वाळत घालायला आली. तिने पिळे सोडवले, अप्पांचं धोतर झटकून दोरीवर टाकलं आणि ते वाऱ्याने माझ्या तोंडावर आलं. निळं. अव्वा स्वतःशीच पुटपुटत होती, एवढी नीळ घातली, गल्ली हसती, आणि हे म्हणत्यात पिवळंच हाय.

मी उठून उभी राहिले. पांढरं पिवळं दिसतंय. जांभळं आमसुली दिसतंय. बरणीखालचा दिवा दूध घालायच्या आधीपासून पिवळा दिसतोय. निळा सांडतो आहे, पण तो आभाळात नाही, अप्पांच्या डोळ्यात. मी अव्वाला हाताला धरून खाली बसवलं आणि सांगितलं. तिने ऐकलं. आमच्या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलेली ती पहिली वेळ. ऐकून झाल्यावर तिने पदराने कपाळ पुसलं आणि विचारलं, "मग रशीदभाईचं काय?"

अप्पांना डॉक्टरकडे न्यायला मात्र आमच्या नाकी नऊ आले. डोळ्याला काही झालेलं नाही, मला समोरच्या दुकानाची पाटी वाचता येते, असं म्हणून ते खरोखरच पाटी वाचून दाखवायचे. चिक्कप्पा म्हणायचे, गाजर खा. मी चित्रं काढून समजावत होते. शेवटी अव्वाने एका सकाळी धोतर त्यांच्या हातात दिलं नाही. ते पायाशी ठेवलं आणि मराठीत, आवाज न चढवता म्हणाली, "धोतराचं जाऊ द्या, मी निळं धुवीन जन्मभर. पण त्या माणसाच्या घरची चूल मंद झाली ती तुमच्या डोळ्यापायी. ते तरी बगून घ्या." अव्वा रागात असून मराठीत बोलतेय, हे अप्पांना बहुतेक आमच्या सगळ्या चित्रांपेक्षा जास्त कळलं. ते उठले आणि टांगा बोलवायला सांगितलं.

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं आणि आम्हालाही दाखवलं. बाहुलीच्या मागचं भिंग तपकिरी झालेलं होतं, कडक चहाच्या रंगाचं. मोतीबिंदू, पण पांढरा होण्याआधी असा तपकिरी-पिवळा होत जाणारा. हळूहळू होतो, त्यामुळे माणसाला स्वतःला कळत नाही. त्याला वाटतं जग पहिल्यापासून असंच आहे. एवढं झाल्यावर त्याच आठवड्यात ऑपरेशन होईल असं मला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, थांबा. तेव्हा तशीच पद्धत होती. दारात आल्यावर अप्पा म्हणाले, पिकायला तो काय आंबा हाय? ते थांबण्याचे महिने आमच्या घराने कसे काढले ते आम्हालाच माहीत. अप्पा पेढीवर बसायचे पण लडी उचलायचे नाहीत. कुणी रंग विचारला की चिक्कप्पांकडे बोट दाखवायचे, आणि चिक्कप्पा एका रंगाला तीन नावं सांगायचे.

परवा माझं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी गेले आणि दुपारी घरी जेवले. जावयाची तक्रार एवढीच की पार्किंग मिळालं नाही. अप्पांना तेव्हा दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस उताणं झोपवलं होतं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, चावायचं नाही. कडक भाकरीशिवाय ज्याचा घास उतरत नाही त्या माणसाला रोज शिरा आणि पेज. पट्टी बांधलेल्या अवस्थेत ते दिवसभर कुरकुरायचे आणि आम्ही पाळीपाळीने ऐकायचो. अशाच एका दुपारी, बाकी कुणी नसताना, ते मला म्हणाले की अंबादासने ती चादर उलगडली तेव्हा त्यांना पट्टा एकसारखाच दिसला होता. पण समोरच्यांचे चेहरे असे झाले होते की काहीतरी म्हणणं भाग होतं. "आणि तोंडात रशीदचं नाव आलं," ते म्हणाले. मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

टाके निघाले, जाड भिंगांचा चष्मा आला. अप्पा घरी आले त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा दोरीवर बघितलं आणि विचारलं, "हे निळं धोतर कुणाचं?" अव्वा म्हणाली, "तुमचंच. तुमी सांगितलं तसं धुतलंय." मग ते घरभर फिरून एकेक गोष्ट नव्याने बघत राहिले. भिंतीचा रंग असा का, आभाळ एवढं निळं कधीपासून. संध्याकाळी त्यांनी मला बरणी मांडायला सांगितली. दूध त्यांनी स्वतः आणून दिलं. या वेळी वाकून त्यांनी आधी बाजूने बघितलं, मग वरून, मग परत बाजूने. चिक्कप्पांनी विचारलं, सेल नवे घातले का.

दुसऱ्या दिवशी अप्पा मला घेऊन रंगखान्यात गेले. रशीदभाई एकटेच होते. पूर्वी हाताखाली असलेली माणसं दिसली नाहीत, अर्ध्या दोऱ्या रिकाम्या. त्यांनी अप्पांच्या चष्म्याकडे बघितलं आणि बसायला बाकडं पुसून दिलं. अप्पा बसले नाहीत. ते वाळत घातलेल्या सुतापाशी गेले आणि एक लडी हातात घेऊन म्हणाले, "हा जांभळा हाय, रशीदभाई."

"तब भी जामुनीच था, शेठ," रशीदभाई म्हणाले.

अप्पांनी मान हलवली. मग त्यांनी सगळं सांगितलं. धोतर, चादर, भिंग, काही लपवलं नाही. चार माणसांसमोर बोललो ते चार माणसांसमोर परत घेतो, उद्या पेढीवर या, असं म्हणाले. रशीदभाई आले नाहीत. अप्पाच मग पेठेत एकेकाच्या दारात जाऊन सांगून आले. गेलेल्यांपैकी एकाने काम परत दिलं, बाकीच्यांची घडी दुसरीकडे बसली होती. आमचं काम रशीदभाईंनी घेतलं, पण पूर्वी ते स्वतः सूत घेऊन यायचे, ते आता मुलाकडे द्यायचे. ईदला शिरखुर्मा यायला आणखी दोन ईद जाव्या लागल्या. अव्वाचा डबा मात्र पहिल्या सणापासून तिकडे जात राहिला, आणि धुतलेला, रिकामा परत येत राहिला.

पुढे अप्पा बरीच वर्षं पेढीवर बसले. नजर चांगली होती, रंग अचूक सांगता येत होते. पण सूत आलं की ते लडी उंबऱ्यात धरायचे आणि जो समोर असेल त्याला विचारायचे, कोणता रंग हाय सांग. हमालाला, गिऱ्हाइकाला, पत्ता विचारायला आलेल्या माणसाला. मला, अव्वाला, पुढे माझ्या मुलीलाही. लोक कंटाळायचे. मी एकदा माहेरी आले होते आणि भाजी निवडताना त्यांनी मला तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा वैतागून म्हटलं, अप्पा, आता तुम्हाला स्वच्छ दिसतंय ना?

ते लडी उजेडाकडे धरूनच म्हणाले, "तवाबी स्वच्छच दिसत होतं की."